राजवाडे, सकळ लिपी आणि आपला एईएस

क्रिप्टोग्राफीचा पेपर ज्यांच्या नशिबी आला आहे त्यांना फायस्टेल, शॅनन, डेमन आणि रायमन ही नावं पाठ असतात. (पाठ नसली तर पुढच्या सेमिस्टरला परत पाठ करावी लागतात!) पण पनवेलहून गोवा हायवे पकडला की तासाभरात जे पेण लागतं, त्या पेण तालुक्यात जन्मलेल्या एका माणसाने साडेपाचशे वर्षं बंद असलेली एक सांकेतिक लिपी उघडली, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? तो माणूस इंजिनियर नव्हता, मॅथेमॅटिशियन नव्हता, कॉम्प्युटर तर त्याने पाहिलाच नाही. त्याचं नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. इतिहासाचार्य राजवाडे म्हणून आपण त्यांना ओळखतो, म्हणजे निदान रस्त्यांच्या आणि संस्थांच्या पाट्यांवर तरी वाचतो.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. आमच्या हिस्टरीच्या पुस्तकात मराठ्यांना एक चॅप्टर होता आणि तो लिहायला लागणारी कागदपत्रं कुणी शोधली, हे त्यात कुठेच नव्हतं. त्यामुळे राजवाडे मला हिस्टरीतून भेटले नाहीत, ते भेटले सब्स्टिट्यूशन सायफरचा सेमिनार करताना. सगळ्यांच्या स्लाइडवर ज्युलियस सीझर असतो. मला आपल्याकडचं काहीतरी उदाहरण हवं होतं. शोधत गेले आणि सापडली सकळ लिपी, आणि तिच्या मागोमाग हा अवलिया माणूस.

राजवाड्यांचा जन्म २४ जून १८६३ रोजी वरसईचा. हे गाव तसं छोटं, पण भाग्यवान म्हटलं पाहिजे. कारण १८५७ च्या धामधुमीत उत्तरेत फिरून आलेले आणि 'माझा प्रवास' लिहिणारे विष्णुभट गोडसेसुद्धा याच वरसईचे. राजवाड्यांचे वडील ते लहान असतानाच गेले. पुढचं बालपण पुण्याजवळच्या वडगावला आणि मग पुण्यात. १८८२ साली मॅट्रिक झाले. नंतर मुंबईचं एल्फिन्स्टन कॉलेज, पुण्याचं डेक्कन कॉलेज, मध्ये पैशांची ओढाताण, शिकवण्या... असं करत करत पदवी हातात यायला १८९० उजाडलं. आपल्या भाषेत सांगायचं तर बरेच 'ड्रॉप' लागले. पण हा माणूस नापासांच्या यादीतला नव्हता. ठरवून दिलेल्या पुस्तकांपेक्षा लायब्ररीतली न ठरवलेली पुस्तकं वाचण्यात त्यांचा जास्त वेळ जायचा. सिलॅबसबाहेरचं वाचणाऱ्यांसाठी हा एक चांगला आधार आहे, फक्त व्हायवाला एक्सटर्नलसमोर तो देऊ नका!

काही काळ त्यांनी पुण्यात शाळामास्तरकी केली. लग्न झालं, पण थोड्याच वर्षांत पत्नी गेली. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. नोकरीही कायमची सोडली. मग 'भाषांतर' नावाचं मासिक काढलं. जगातले मोठे ग्रंथ मराठीत आणायचे, हा एकच उद्देश. प्लेटोचं 'रिपब्लिक' त्यांनी स्वतः मराठीत आणलं. मासिक काही फार वर्षं चाललं नाही, पण एक हट्ट मात्र आयुष्यभर टिकला. इंग्रजी उत्तम येत असूनही संशोधन लिहायचं ते मराठीतच. मराठी मरणाला टेकली आहे का, हा प्रश्न आज पेपरात दर महिन्याला येतो, तो राजवाड्यांनी शंभर वर्षांपूर्वी उघडपणे विचारला होता.

यानंतर वाईला एका घरात जुन्या कागदांचं घबाड मिळालं आणि त्यांचं आयुष्यच फिरलं. पानिपतच्या काळातली पत्रं होती ती. १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड आला. पुढे असे एकूण २२ खंड निघाले. त्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला, बराचसा पायीच. वाड्यांच्या माळ्यांवर, देव्हाऱ्यामागे, धान्याच्या कोठीशेजारी, जिथे जिथे रुमालात बांधलेले कागद असतील तिथे जायचं. मालकाची मनधरणी करायची. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करायचा आणि कागद उतरवून घ्यायचे. रिसर्च ग्रँट, टीए-डीए वगैरे काही नाही.

आता इथे आपल्या शाखेचा विषय सुरू होतो. हे कागद नुसते 'वाचायचे' नव्हते, ते 'डिकोड' करायचे होते. एक तर मोडी लिपी. अक्षरं एकमेकांना जोडलेली, शब्द कुठे संपतो ते कळत नाही. त्यातून तारखा! पत्रावर 'इहिदे सितैन मया व अलफ' असं लिहिलेलं असतं. हे अरबी आकडे आहेत : इहिदे म्हणजे १, सितैन म्हणजे ६०, मया म्हणजे १०० आणि अलफ म्हणजे १०००. बेरीज झाली ११६१. हा सुहूर सन. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो १७६० किंवा १७६१, म्हणजे थेट पानिपतचं साल! आणि कित्येक पत्रांवर तर वर्षच नसतं, फक्त महिना आणि चंद्र. मग मजकुरातल्या घटनेवरून, माणसांच्या नावांवरून, वारावरून साल काढायचं. पत्र खरं की मागाहून बनवलेलं तेही ठरवायचं. आपण ज्याला ऑथेंटिकेशन म्हणतो ते काम हा माणूस कंदिलाच्या उजेडात करत होता.

७ जुलै १९१० रोजी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे हे तिचे संस्थापक. याच सुमाराला राजवाड्यांनी महानुभाव पंथाच्या सकळ लिपीचं कोडं सोडवून तिची किल्ली अभ्यासकांपुढे ठेवली.

महानुभाव पंथ हा तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी उभा केला. पंथाचे ग्रंथ मराठीत, त्यातही अगदी साध्या, बोलत्या मराठीत. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केलं ते १२७८ च्या सुमारास, विदर्भातल्या रिद्धपूरला. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ म्हणून आज आपण त्याचं नाव घेतो. पण चौदाव्या शतकाच्या मध्यावर पंथातल्या जाणत्यांनी ठरवलं की आपले पवित्र ग्रंथ बाहेरच्यांच्या हाती लागता कामा नयेत. म्हणून सांकेतिक लिप्या तयार झाल्या. सकळ लिपीचा मान रवळोव्यासांना दिला जातो. तिच्याशिवाय सुंदरी, वज्र, अंक, शून्य, सुभद्रा, पारमांडल्य अशा वीसच्या वर लिप्या पंथात होत्या. पंथ पुढे पंजाबात, पेशावर-काबूलपर्यंत गेला आणि तिथल्या मठांतूनही हे मराठी ग्रंथ जपले गेले. विचार करा, काबूलमध्ये मराठी पोथी आणि तीही एन्क्रिप्टेड!

सकळ लिपीचं तत्त्व म्हणजे आपला पहिल्या लेक्चरचा सब्स्टिट्यूशन सायफर. एका अक्षराच्या जागी ठरलेलं दुसरं अक्षर किंवा चिन्ह घालायचं. मग प्रश्न असा की एवढा साधा सायफर इतकी वर्षं टिकला कसा? आणि टिकला तर फुटला कसा?

याचं उत्तर शोधताना मी एक गणित मांडलं. मराठीत 'क' पासून 'ळ' पर्यंत ३४ व्यंजनं. समजा आपण स्वर आणि मात्रा तशाच ठेवल्या आणि फक्त ही ३४ व्यंजनं आपापसात हवी तशी बदलली. किती प्रकारे बदलता येतील? ३४ फॅक्टोरियल. कॅल्क्युलेटरवर येतं साधारण २.९५ गुणिले १० चा ३८ वा घात. आता एईएस-१२८ च्या किल्ल्या किती? २ चा १२८ वा घात, म्हणजे ३.४ गुणिले १० चा ३८ वा घात. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे! म्हणजे नुसत्या किल्ल्या मोजल्या तर आपली मुळाक्षरं उलटसुलट केलेली पोथी आणि आज बँका वापरतात तो सायफर एकाच मापाचे. मग पोथी उघडते आणि एईएस का उघडत नाही?

कारण किल्ल्यांची संख्या म्हणजे सुरक्षितता नव्हे. सब्स्टिट्यूशनमध्ये अक्षराचा चेहरा बदलतो, चाल बदलत नाही. मराठीत 'त', 'र', 'न', 'य' वारंवार येतात आणि 'झ', 'ढ' क्वचित. चिन्ह कुठलंही घाला, जे जास्त येतं ते जास्तच येणार. 'जे' आणि 'ते', 'जो' आणि 'तो' या जोड्या वाक्यात ठरलेल्या जागी दिसणार. त्यातून पोथी ओवीत असेल तर विचारायलाच नको. ओवीच्या पहिल्या तीन चरणांना यमक असतं. अक्षरं बदलली तरी तिन्ही चरणांच्या शेवटी तेच चिन्ह पुन्हा पुन्हा येणार आणि यमक कुठे आहे ते आंधळ्यालाही कळणार. एक शब्द सुटला की त्यातली अक्षरं दहा शब्दांत बसतात, दहा शब्दांतून पान सुटतं. १० चा ३८ वा घात इतक्या किल्ल्या एकेक करून लावायची गरजच पडत नाही. पण त्यासाठी भाषा मुरलेली लागते. ज्याला जुनी मराठी तोंडपाठ आहे, जो ज्ञानेश्वरीचं व्याकरण स्वतः लिहितो (राजवाड्यांनी ते १९०९ मध्ये लिहिलं), त्याच्यासमोर असं कुलूप फार काळ तग धरत नाही. म्हणजे सायफर टिकला तो गणिताच्या जोरावर नाही. पोथ्या मठांत होत्या, किल्ली गुरूकडून शिष्याकडे जात होती आणि बाहेरचा कुणी तिकडे फिरकतच नव्हता.

आता आपला ब्लॉक सायफर बघा. तो एकेक अक्षर बदलत नाही, अख्खा तुकडा उचलतो. एईएसचा ब्लॉक १६ बाइटचा. युनिकोडच्या यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, म्हणजे एका ब्लॉकमध्ये जेमतेम पाच चिन्हं आणि एक बाइट वर. हा तुकडा एस-बॉक्समधून जातो, ओळी सरकतात, स्तंभ एकमेकांत मिसळतात, किल्लीचा भाग मिळवला जातो आणि असं १० वेळा घुसळलं जातं. शॅननने १९४९ साली सांगितलेले कन्फ्युजन आणि डिफ्युजन म्हणजे हेच. मूळ मजकुरातला एक बिट बदला, बाहेर येणाऱ्या १२८ पैकी सरासरी ६४ बिट बदलतात. यमक राहत नाही, 'जे-ते' राहत नाही, कुठलं अक्षर जास्त येतं याचा मागमूस राहत नाही. ताकात लोण्याचा गोळा शोधता येतो, पण दुधात साखर कुठे आहे ते बोट ठेवून दाखवता येत नाही, तसं.

मात्र एक गोष्ट आपण लॅबमध्ये विसरतो. हाच एईएस ईसीबी मोडमध्ये वापरला तर सारख्या ब्लॉकचं उत्तर सारखंच येतं. म्हणजे ओवीचं यमक मागच्या दाराने परत आलं! म्हणून तर सीबीसीसारखे मोड लागतात. सायफर कितीही भक्कम असला तरी वापरणाऱ्याने पॅटर्न ठेवला की वाचणारा राजवाडे कुठेतरी बसलेलाच असतो.

आणि किल्ली तोकडी असली तर? १९७७ साली अमेरिकेत डीईएस स्टँडर्ड झाला. फायस्टेलच्या कल्पनेवर आयबीएमने बांधलेला, ६४ बिटचा ब्लॉक, १६ राउंड, रचना उत्तम. पण किल्ली ५६ बिटची. १९९८ मध्ये खास बनवलेल्या एका यंत्राने सगळ्या किल्ल्या लावत लावत ५६ तासांत तो उघडला. म्हणजे सकळ लिपीत किल्ल्या भरपूर होत्या पण रचना कच्ची, डीईएसमध्ये रचना पक्की पण किल्ल्या कमी. दोन्ही हव्यात, हा धडा घेऊन २००१ मध्ये एईएस आला. पूर्ण १० राउंडच्या एईएसवर व्यवहारात चालेल असा हल्ला अजून कुणाला सापडलेला नाही.

अजून एक योगायोग मला फार आवडला. राजवाडे २० वर्षांचे, म्हणजे माझ्याच वयाचे असताना, १८८३ साली पॅरिसमध्ये केर्कहॉफ्स नावाच्या भाषांच्या शिक्षकाने एक नियम मांडला. पद्धत शत्रूला कळली तरी चालेल, गुप्त फक्त किल्ली असावी. सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली एकच होती. त्यामुळे एकदा तक्ता बाहेर आला की त्या लिपीतल्या सगळ्या पोथ्या एकदम उघड्या!

पण त्या उघडल्या म्हणून काय घडलं तेही बघितलं पाहिजे. अभ्यासकांना वाट सापडली. पुढे पंथातल्या महंतांनीही विश्वासाने पोथ्या दिल्या. यवतमाळचे य. खु. देशपांडे, ठाण्याचे वि. ल. भावे यांनी महानुभाव ग्रंथ लोकांपुढे आणले. ह. ना. नेने यांनी १९३० च्या दशकात 'लीळाचरित्र' छापलं आणि वि. भि. कोलते यांची मोठी संपादित आवृत्ती १९७८ मध्ये आली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली पानं नव्याने लिहावी लागली. महदंबा ही मराठीची आद्य कवयित्री म्हणून आपल्याला कळली. आता त्याच रिद्धपूरला राज्य सरकारने मराठी भाषा विद्यापीठ काढलं आहे.

तरी एक प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. ज्यांनी श्रद्धेने कुलूप लावलं, त्यांना न विचारता ते उघडणं बरोबर का? एथिकल हॅकिंगच्या तासाला आपण 'परमिशन' शब्द दहा वेळा ऐकतो. माझं मत सांगते. ज्यांनी कुलूप लावलं त्यांच्यामुळेच त्या पोथ्या वाचल्या, हे आधी मान्य केलं पाहिजे. मठांनी त्या सांभाळल्या नसत्या तर राजवाड्यांना उघडायला काही उरलंच नसतं. पण किल्ली फक्त मूठभरांकडे राहिली तर एक दिवस ती मूठच संपते. आमच्या घरी पणजोबांच्या ट्रंकेत मोडीतले चार कागद आहेत. खरेदीखत आहे, पत्र आहे की उसनवारीचा हिशेब, घरात कुणालाही सांगता येत नाही. त्यावर कुणी सायफर लावलेला नाही. फक्त वाचणारी पिढी गेली. इतकं पक्कं एन्क्रिप्शन तर एईएसलाही जमणार नाही!

राजवाड्यांबद्दल सगळं गोडच लिहिलं तर ते त्यांनाच आवडलं नसतं. स्वभाव तापट. मतं टोकाची. आपण उभ्या केलेल्या मंडळातूनही ते बाहेर पडले आणि शेवटची वर्षं धुळ्याला राहिले. शब्दांच्या त्यांनी लावलेल्या अनेक व्युत्पत्त्या पुढच्या अभ्यासकांनी मान्य केल्या नाहीत. जातींविषयीच्या त्यांच्या लिखाणावर कडाडून टीका झाली आणि ती होणं योग्यच होतं. पण त्यांची एक सवय कुणालाही खोडून काढता आली नाही. जे सापडेल ते छापून मोकळं करायचं, म्हणजे दुसऱ्याला ते तपासता येईल आणि वाटल्यास आपल्यालाच चूक ठरवता येईल. एईएसची निवड झाली तेव्हाही हेच झालं. जगभरातून आलेले १५ अल्गोरिदम उघड्यावर ठेवले, सगळ्यांना फोडायला सांगितलं आणि जो टिकला तो घेतला.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्याला राजवाडे गेले. मागे घरदार, इस्टेट नव्हती. होते ते कागदांचे गठ्ठे, कोशांसाठी जमवलेले हजारो शब्द आणि अर्धवट टिपणं. धुळ्याच्या लोकांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभारलं आणि ते कागद तिथे जपले.

मित्रांनो, सेमिस्टर संपल्यावर सुट्टीत आपण कसले ना कसले कोर्सेस करतोच. मोडीचे वर्ग पुण्या-मुंबईत भरतात आणि मूळ अक्षरं महिन्याभराच्या सरावात ओळखता येतात, असं शिकवणारे सांगतात. मी नाव नोंदवलं आहे. ट्रंकेतल्या त्या चार कागदांत उसनवारी निघाली, तर फेडायची कुणाला ते मात्र बाबांनी ठरवावं!